मोठी खोली आणि तिच्यातील लहान जागा

राहण्यास मोठी खोली मिळणे हे भाग्याचे लक्षण समजले जाते. भारतातील असंख्य कुटुंबांना दाटीवाटीने राहावे लागते, हे लक्षात घेता ही समजूत चुकीची म्हणता येणार नाही. परंतु ज्यांच्या वाट्याला अशी खोली आलेली असते, त्यांच्या घरी एक विचित्र गोष्ट पुष्कळदा दृष्टीस पडते. घरातील सर्वांत मोठी, सर्वांत हवेशीर आणि सर्वाधिक खर्चाने सजविलेली खोली दिवसाचे बरेचसे तास रिकामी असते. घरातील माणसे मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी, जिन्याखाली किंवा पलंगाच्या कडेवर बसून आपापली कामे उरकीत असतात. दिवाणखाना पाहुण्यांची वाट पाहत राहतो.

याचे कारण बहुधा मांडणीत सापडते. उत्तर व मध्य भारतातील जिल्ह्याच्या गावी अजूनही आढळणाऱ्या जुन्या बंगल्याचा मधला हॉल उदाहरणादाखल घ्यावा. उष्ण हवा वर चढून झरोक्यांवाटे निघून जावी म्हणून त्याचे छत उंच ठेवलेले असते. भोवतालच्या सगळ्या खोल्या त्यातच उघडत असल्याने त्याला दारेही पुष्कळ असतात. या हॉलची लांबी ३० फूट व रुंदी १८ फूट आहे असे मानावे. त्यात राहावयास आलेले कुटुंब पहिल्याच दिवशी कोच, खुर्च्या व कपाटे चारही भिंतींना टेकवून ठेवते. मधोमध एक लहानसे टेबल उरते. आता समोरासमोरच्या भिंतींशी बसलेल्या दोन माणसांच्या चेहऱ्यांत जवळजवळ १५ फुटांचे अंतर पडते. एवढ्या अंतरावरून प्रकृतीची चौकशी करता येते, भाषणही करता येते. गप्पा मात्र मारता येत नाहीत.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसामाणसांतील अंतरांचे वर्गीकरण केले आहे. जिव्हाळ्याच्या संभाषणाचे अंतर त्यांनी सुमारे दीड ते चार फूट धरले, कामकाजाच्या व औपचारिक भेटीगाठींचे चार ते बारा फूट. बारा फुटांपलीकडे माणूस सार्वजनिक ठिकाणी असल्याप्रमाणे बोलू लागतो. ही मापे अमेरिकेतील विशिष्ट वर्गाच्या निरीक्षणावरून घेतलेली असून ती सर्व समाजांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे हॉल यांनीच बजावले होते. भारतातील माणसे सहसा याहूनही जवळ बसतात. म्हणजे भिंतीला टेकविलेला कोच येथे अधिकच दूरचा ठरतो.

एकाच मोठ्या जागेत अनेक जागा निर्माण करण्याची विद्या या देशाला नवी नाही. अरुणाचल प्रदेशातील आदी लोकांच्या पारंपरिक घरात एकच प्रशस्त खोली असते आणि तिच्या मध्यभागी चूल पेटलेली असते. चुलीच्या चारही बाजूंना वेगवेगळी नावे आहेत. कोणत्या बाजूला कोणी बसावे हेही ठरलेले असते. भिंत नाही, पडदा नाही. तरीही घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते. लडाखमध्ये स्वयंपाकघर हीच कुटुंबाची मुख्य खोली होय. तेथे भिंतीच्या कडेने अंथरलेल्या बैठका व त्यांपुढील बुटकी कोरीव मेजे एवढ्यावरच बसण्याचा भाग चुलीच्या भागापासून वेगळा ओळखू येतो. गुजरातेत झोपाळा हेच काम करतो. त्याच्या झोक्याला लागणारी मोकळी जागा आपोआप राखली जाते व तिच्या कडेने येण्याजाण्याची वाट पडते. बंगालमधील जुन्या बैठकीच्या खोलीत तक्तपोश, म्हणजे रुंद लाकडी चौकी, मांडलेला असे. त्यावर चढून बसलेली माणसे एका वर्तुळात येत आणि जमिनीवर वावरणाऱ्यांपासून वीतभर उंचीने का होईना, पण वेगळी होत.

उंचीतील हा फरक आधुनिक वास्तुशिल्पज्ञांनीही ओळखला. चार्ल्स कोरिया यांनी १९६१–६२ च्या सुमारास अहमदाबादेत अल्प खर्चाचे एक अरुंद, लांबट घर बांधले होते. त्यात आतल्या दारांची गरजच ठेवली नव्हती. जमिनीच्या कमीअधिक पातळ्यांनी कुटुंबाला आडोसा मिळे आणि वारा अडत नसे. ते घर पुढे पाडण्यात आले. त्यामागील विचार मात्र आजही उपयोगाचा आहे.

वारा अडू न देणे ही गोष्ट भारतीय हवामानात गौण नाही. मोठी खोली विभागावयाची म्हटले की पुष्कळांच्या मनात प्लायवूडची छतापर्यंतची भिंत उभी राहते. तिने दोन कोंदट खोल्या तयार होतात आणि मूळ खोलीचा एकमेव गुण नाहीसा होतो. खरे पाहता आडोशाची उंची माणूस कशावर बसणार यावरून ठरवावी. खुर्चीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे पावणेचार फुटांवर असतात. मांडी घालून बसलेल्याचे अडीच फुटांच्या आसपास. म्हणून खुर्च्यांच्या भागाला चार फूट उंचीचे पुस्तकांचे कपाट पुरते. गादी व लोड यांची बैठक असेल तर तीन फुटी पेटीही आडोसा देऊ शकते. बसलेल्याला एकांत मिळतो आणि उभे राहिलेल्याला सारी खोली एका नजरेत दिसते. बैठक जितकी खाली, तितका आडोसा बुटका, आणि खर्चही तितका कमी. जाजमाची परंपरा असलेल्या देशाला हा लाभ सहज मिळण्यासारखा आहे. जड कोचांच्या हौसेपायी तो गमावला जातो.

मांडणीचा आरंभ सामानापासून न करता वाटांपासून करावा. वरील हॉलमध्ये व्हरांड्याचे दार एका लांब भिंतीत, टोकापासून दहा फुटांवर आहे आणि आतल्या खोल्यांचे दार त्याच्या बरोबर समोर आहे असे समजावे. या दोन दारांमध्ये माणसांचा ओघ सुरूच राहणार. तेव्हा चार फूट रुंदीची वाट प्रथम खडूने जमिनीवर आखून घ्यावी. एका बाजूस १६ फूट लांबीचा व दुसऱ्या बाजूस १० फूट लांबीचा भाग उरतो. अन्य दारांकडे जाणाऱ्या वाटाही अशाच आखाव्या, मात्र त्या भागांच्या कडेने न्याव्या. बोलत बसलेल्यांच्या मधून कोणाला जावे लागले की संभाषण तुटते, आणि जाणाऱ्यालाही संकोच होतो.

मोठ्या भागात गप्पांची बैठक येईल. तिचा व्यास दहा फुटांपेक्षा अधिक नसावा. तिचे स्थान कोणते, हे परदेशी पुस्तकांत शेकोटीवरून ठरविलेले असते. येथे ते पंख्यावरून ठरते. पंख्याखालील वर्तुळ सोडले की वाऱ्याचा जोर झपाट्याने कमी होतो. चैत्र-वैशाखात माणसे शोभेची मांडणी मोडून खुर्च्या पंख्याखाली ओढतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. बैठकीखाली एक मोठी सतरंजी अंथरावी व प्रत्येक आसनाचे निदान पुढचे पाय तिच्यावर येतील असे पाहावे. उघड्या फरशीवर व उंच छताखाली आवाज घुमतो आणि वृद्धांना शब्द नीट कळत नाहीत. सतरंजी व जाड पडदे तो घुमारा पुष्कळसा शोषून घेतात.

वृद्धांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आजोबांचा पलंग 'शांत जागा' म्हणून मागच्या खोलीत हलविला जातो. शांतता मिळते खरी, परंतु घरात कोण आले, कोण गेले, हेही त्यांना कळेनासे होते. मोठ्या भागातच, व्हरांड्याकडील खिडकीशी, बैठकीच्या वर्तुळाला किंचित बाहेरून स्पर्श करील असा त्यांचा दिवाण ठेवावा. फाटकाकडे लक्ष ठेवता येते, वाटले तर संभाषणात भाग घेता येतो, नाही तर पाठ फिरवून पडता येते. हा निवड करण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला पाहिजे.

दहा फुटी भाग अभ्यासासाठी राखावा. बोर्डाच्या परीक्षेला बसणारी मुलगी जेवणाच्या मेजावर वह्या मांडते आणि ताटे आली की त्या उचलते. दिवसातून तीन वेळा हे घडते. तिच्या वह्या रात्रभर उघड्या राहू शकतील अशी तीन फूट रुंदीची एक जागा घरात असणे, हे नव्या कोचापेक्षा निश्चितच महत्त्वाचे आहे. तिचे टेबल उत्तरेच्या खिडकीशी ठेवल्यास दिवसभर सौम्य प्रकाश मिळतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास तो डाव्या बाजूने यावा. टेबल व वाट यांच्यामध्ये चार फुटी कपाट आडवे घालावे. रात्री छतावरील दिवा मालवून टेबलावरचा एकच दिवा लावला, तर त्या उजेडाचे वर्तुळ हीच एक स्वतंत्र खोली होते.

दूरदर्शन संचाबद्दल थोडेच सांगणे पुरे. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्या दशकात घरोघरी संच पोहोचला, तेव्हा खुर्च्यांनी एकमेकींकडील तोंडे फिरविली. आता तर प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला आहे. संच बैठकीच्या समोर न ठेवता बाजूला ठेवणे एवढे तरी करता येते.

हॉलचा काही भाग मुद्दाम रिकामा सोडावा. लहान मुलांना पळण्यास, धान्य निवडण्यास, पावसाळ्यात कपडे वाळविण्यास तो लागतोच. शिवाय घरात लग्न, पूजा किंवा बारसे निघाले की सगळा हॉल एकसंध हवा असतो. म्हणून कपाटे दोन माणसांना उचलता येतील इतकी लहान, दोन-तीन तुकड्यांत करवून घ्यावी. पुस्तके काढून ती भिंतीशी सरकविण्यास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागू नये. विजेच्या तारा मात्र सतरंजीखालून कधीही नेऊ नयेत. नवे बटण भिंतीत बसवून घ्यावे, आणि तेही खडूच्या खुणा पुसण्यापूर्वी.