जीपच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक : स्वस्तात होतं, पण आधी हँडब्रेकचं बघा



बोट ओढायला आणि बर्फ-जाळी न्यायला आपल्याकडे जुन्या फोर-व्हील जीप आहेत. त्यांच्या मागच्या ब्रेकची रड सगळ्यांना माहीत आहे. सुकतीला गाडी खाऱ्या पाण्यात जाते, ड्रममध्ये पाणी आणि रेती शिरते. मग दोन दिवसांत व्हील सिलिंडर जाम होतो, शू चिकटतात, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एकाच बाजूला ओढते. ‘मागेही डिस्क बसवली तर?’ असं बरेच जण विचारतात. आम्ही बसवली. आधी चुकलो, मग पांडेसऱ्यात जाऊन दुरुस्त केलं. ते सगळं इथे लिहितो.

आमची चूक

पहिल्यांदा घरच्या घरीच काम केलं. ड्रम काढले आणि भंगारातून आणलेले कारच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर बसवले. पायाचा ब्रेक छान लागला. पण ड्रमबरोबर हँडब्रेकही गेला. ‘गिअरमध्ये ठेवू, चाकाखाली दगड लावू’ म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

एक दिवस बर्फाची ट्रॉली मागे लावून जीप उतारावर उभी होती. ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला राहिला होता. तो न्यूट्रलला असला की गाडी गिअरमध्ये असूनही मोकळीच असते. ओल्या रेतीत दगड सरकला आणि जीप मागे निघाली. खाली बायका मासे निवडत बसल्या होत्या. कोणीतरी ओरडलं म्हणून त्या उठल्या. ट्रॉली आडवी होऊन रेतीत रुतली आणि जीप थांबली. कोणाला लागलं नाही, पण त्या रात्री आमच्यापैकी कोणाला झोप आली नाही.

पांडेसऱ्यात काय शिकलो

आपल्या एका सभासदाचा मेहुणा पांडेसऱ्यात असतो. तिथल्या जीआयडीसीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आहेत. मिलच्या मशिनींची कामं करणारे लेथवाले तिथे आहेत आणि खान्देशातली मराठी माणसंही भरपूर. आम्ही जीपचा मागचा एक्सल उतरवून टेम्पोने तिकडे नेला. लेथवाल्या भाऊंनी डिस्ककडे बघितलंसुद्धा नाही. पहिलाच प्रश्न केला, ‘भाऊ, हँडब्रेक कुठंय?’

हँडब्रेकचे तीन मार्ग आहेत :

१. हँडब्रेकचा लिव्हर असलेलं कॅलिपर. मागे डिस्क असलेल्या काही कारला असं येतं. केबल ओढली की आतला स्क्रू पॅड दाबतो.

२. मधे छोटा ड्रम असलेली डिस्क. आतले शू फक्त हँडब्रेकसाठी असतात. पकड चांगली, पण रेती इथेही शिरते.

३. ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर ब्रेक. जुन्या विलीज जीपला असाच होता. रेतीपासून लांब राहतो, पण एक चाक अधांतरी झालं किंवा शाफ्ट तुटला तर गाडी धरत नाही.

आम्ही पहिला घेतला. लिव्हर खाऱ्या हवेत जाम होतो, म्हणून गाडी चालो न चालो, हँडब्रेक रोज दोन-चार वेळा ओढायचा हा नियम केला. आणखी एक : ब्रेक ऑइलचा दाब कोंडून ठेवणारा व्हॉल्व म्हणजे हँडब्रेक नव्हे. दाब हळूहळू उतरतो. हँडब्रेक केबलचा किंवा सळईचाच हवा.

पैसे कुठे वाचतात

अमेरिकेत जुन्या टोयोटा पिकअपला जनरल मोटर्सच्या गाड्यांचे कॅलिपर लावतात. महागडी किट न घेता चालू मालातले भाग आणि एक लोखंडी पट्टी, एवढ्यात काम होतं. आपणही तेच केलं. जुनं चालेल ते कॅलिपरचं बाहेरचं अंग. सील किट, पॅड आणि रबरी होज नवेच घ्या. जुन्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. मापून त्याहून जाड असेल तरच घ्या.

काम करताना

पट्टी : कॅलिपर धरणारी पट्टी जाड प्लेटची आणि ड्रमची बॅकप्लेट बसते त्याच बोल्टच्या भोकांवर बसणारी करा. एक्सलच्या नळीवर वेल्डिंग मारू नका. नळी वाकते, सील जळतो. बोल्ट हाय-टेन्साइल घ्या. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा.

डिस्क : हबवर ती बरोबर मधोमध बसली पाहिजे. लेथवर डायल गेज लावून फिरवा. काटा 0.1 मिमीपेक्षा जास्त हलला तर पेडल थरथरणार. पॅड पूर्ण डिस्कवर बसतोय ना, चाक फिरवताना रिम कॅलिपरला घासत नाही ना, तेही बघा.

डावं-उजवं : हवा काढायचा निपल वरच्या बाजूला हवा. कॅलिपर उलट बसलं की निपल खाली जातो आणि कितीही पंप मारा, हवा आत राहते. आमची अर्धी सकाळ यातच गेली होती.

मास्टर सिलिंडर : ड्रममध्ये शू स्वतःच थोडा ओढला जातो, म्हणून कमी दाबात काम होतं. डिस्कला दाब जास्त लागतो आणि ऑइलही जास्त. पेडल खोल जात असेल तर मास्टर सिलिंडर जुळत नाही असं समजा. काही मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो राहिला तर पॅड सतत घासतात आणि डिस्क तापते. तो काढायचाच. पण जुन्या जीपसारखा मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर ऑइल मागे येऊ नये म्हणून डिस्कसाठीचा हलका व्हॉल्व लागतो.

पुढे-मागे तोल : ब्रेक मारला की वजन पुढे येतं. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व लावा. मोकळ्या, सपाट जागेत रिकाम्या गाडीने हळू वेगात तपासा. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मग भरलेली ट्रॉली लावून, मागे-पुढे कोणी नसताना, आपल्याच उतारावर हँडब्रेक तपासा. एकदा तोंड वर करून, एकदा खाली करून.

कागदाचं

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं सांगितलं. पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक दोन्ही नियमाने लागतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओला आणि विमावाल्यांना विचारा. आमची जीप फक्त किनाऱ्यावर चालते.

सगळ्यांनी करावं का?

नाही. 2020 साली आलेल्या नव्या थारलाही मागे ड्रमच होते. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. तुमची गाडी पाण्यात क्वचित जात असेल तर ड्रम उघडून साफ करणं, व्हील सिलिंडर वेळेवर बदलणं आणि गोड्या पाण्याने धुणं एवढं पुरतं. रोज पाण्यात जाणाऱ्या गाडीला मात्र डिस्कचा फायदा आहे. पाणी लगेच झटकलं जातं आणि बिघाड उघड्यावर दिसतो.

डिस्क लावली म्हणून खार सोडत नाही. किनाऱ्यावरून आलात की कॅलिपर गोड्या पाण्याने धुवा. सरकत्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. डिस्क तापलेली असताना गाडी पाण्यात घालू नका.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी आमच्या जीपखाली येऊन बघावं. पट्टीचा पुठ्ठ्याचा साचा संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे. आणि तुमच्या गाडीचा हँडब्रेक आज चालत नसेल, तर डिस्कचं नंतर बघू. उद्या बोट ओढायच्या आधी तो नीट करा.