जॉनी आणि जिमी : दोन जुळ्या भावांच्या वाढीचा अभ्यास

धाकटा भाऊ पहिलीच्या वर्गात येऊन बसतो, तेव्हा थोरल्याची कीर्ती त्याच्या आधीच वर्गात पोहोचलेली असते. "थोरला या वयात वीसपर्यंत पाढे म्हणत असे, याला अजून पाटीवर उभी रेघ ओढता येत नाही," हे उद्गार शाळेतही निघतात आणि घरीही. मग एक तर मुलाच्या मागे घोकंपट्टी लागते, नाही तर तो 'मठ्ठ' ठरून मागच्या रांगेत जातो. त्याचे मागे राहणे सरावाच्या अभावामुळे आहे की त्याचे वय अजून भरले नाही म्हणून आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न न्यूयॉर्क येथे मर्टल मॅक्‌ग्रॉ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार चिकाटीने हाताळला. १९३२ साली जन्मलेले जॉनी आणि जिमी हे जुळे भाऊ त्यांनी अभ्यासासाठी निवडले. दोघांना आठवड्यातून पाच दिवस बालरुग्णालयातील प्रयोगशाळेत आणीत. जॉनीकडून जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांपासूनच निरनिराळ्या हालचाली करवून घेतल्या जात. जिमी मात्र थोड्या खेळण्यांसह पाळण्यात राही. हा क्रम बावीस महिने चालला. पुढे अडीच महिने जिमीलाही तेच शिक्षण देण्यात आले. (एका मुलाला असे मुद्दाम वंचित ठेवण्यास आज कोणी अनुमती देणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

या प्रयोगातून जे निष्पन्न झाले ते एका वाक्यात सांगता येण्यासारखे नाही. बसणे, रांगणे, चालणे या मनुष्यमात्राच्या मूळ हालचालींत दोघा भावांमध्ये फारसे अंतर पडले नाही. जॉनीला रोज सराव मिळाला म्हणून तो फार आधी चालू लागला असे झाले नाही. मेंदू व स्नायू यांची तयारी होताच पाळण्यातला जिमीही उभा राहिला. याउलट, मुद्दाम शिकवल्याविना सहसा येत नाहीत अशा कौशल्यांत जॉनी फार पुढे गेला. दीड वर्षाच्या आत तो पाण्यात सूर मारी, चाकांच्या बुटांवर घसरत जाई. पुढे अत्यंत उभ्या चढणीही तो हातापायांनी चढून जाऊ लागला. उंच ठोकळ्यावरून उडी घेण्याचे भय त्याला नव्हते. बावीस महिन्यांचा जिमी त्याच ठोकळ्यावर ठेवला की रडे.

परंतु शिक्षकाने सर्वांत अधिक वेळ थांबावे ते तीनचाकी सायकलीपाशी. जॉनीला ती अकराव्या महिन्यापासून शिकवू लागले. कित्येक महिने त्याला पायटे फिरवण्याचा अर्थच कळला नाही; सारा खटाटोप जवळजवळ वाया गेला. जिमीला हीच सायकल बावीस महिन्यांनंतर दिली, तेव्हा त्याने ती थोडक्या दिवसांत आत्मसात केली. चाकांच्या बुटांची गोष्ट मात्र नेमकी उलट झाली. वर्षाच्या सुमारास जॉनीला ते साधले होते. पुढे पाय लांब होऊन शरीराचा तोल बदलला, तशी त्याची ती विद्या ढासळली. आणि उशिरा आरंभ केलेल्या जिमीलाही ती नीटशी साधली नाही. म्हणजे प्रत्येक कौशल्याची वेळ निराळी. लवकर आरंभ केला की लाभच, असे नाही. आणि उशीर झाला की हानीच, असेही नाही.

वृत्तपत्रांना इतका धीर नव्हता. त्यांनी प्रथम जॉनीला अद्भुत बालक ठरवले, आणि जिमी त्याला अनेक बाबतींत गाठतो आहे असे दिसताच सारा प्रयोग फुकट गेल्याचा डांगोरा पिटला. मॅक्‌ग्रॉ बाईंनी मुलांना पुढेही पाहिले व १९३९ साली त्यांच्या शालेय वयाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जॉनीच्या हालचालींतील सहजता व धिटाई टिकून होती. जिमी त्या मानाने जपून वागे. हे दोघे आरंभी समजले गेले तसे एकरूप जुळे नव्हते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तेव्हा सारा फरक सरावाच्याच खाती मांडता येत नाही.

निरोगी मुलांमध्येही अंतर किती मोठे असते हे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून दिसते. तीत भारतासह पाच देशांतील मुले होती. आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारणपणे ८.२ ते १७.६ महिने असा आढळला, आणि काही थोडी मुले हातागुडघ्यांवर न रांगताच चालू लागली. शाळेतही हेच घडते. एकाच वर्षी पहिलीत आलेल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सहावा-सातवा हिस्सा होय.

म्हणून धाकट्याविषयी मत बनवण्यापूर्वी दाखला-नोंदवहीतील जन्मतारीख पाहावी. पेन्सिल तीन बोटांत धरणे, सदऱ्याची गुंडी लावणे, एका पायावर उभे राहणे, दोन सूचना एकापाठोपाठ पाळणे, या गोष्टींची तारीखवार टिपणे ठेवावी आणि मुलाची तुलना त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या टिपणाशी करावी. बोटांना पकड आली नसेल तर माती, चिंचोके, दोऱ्यात मणी ओवणे यांवर काही आठवडे खुशाल घालवावेत. मात्र 'आपोआप होईल' म्हणून स्वस्थ बसणे सर्वत्र चालत नाही. हाक मारली तरी वळून न पाहणारे, एक पाय ओढणारे, फळ्याशी जाऊन वाचणारे किंवा पूर्वी येत असलेले विसरू लागलेले मूल वयाची वाट पाहत नसते. त्याला उपचार हवा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक तपासणीसाठी शाळेत येते, तेव्हा अशा मुलाचे नाव व त्याची टिपणे त्यांच्या हाती द्यावीत. पथक येण्यास अवकाश असेल तर पालकांना भेटून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.