जॉइनिंगची तारीख येईपर्यंत

पुणे, रविवार

चि. ओंकार यास,


तुझा परवाचा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर उत्तर द्यायचं मुद्दामच टाळलं. फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' करतोस आणि फोन ठेवला की पुन्हा त्या टेलिग्रामच्या ग्रुपवर जाऊन बसतोस. पत्र निदान दोनदा वाचशील.

आधी कंपनीच्या त्या मेलबद्दल. तू त्याचा स्क्रीनशॉट पाठवलास तो मी एचआरच्या नजरेने वाचला. 'व्यवसायाच्या सध्याच्या गरजा पाहता आपली जॉइनिंगची तारीख पुढे ढकलण्यात येत आहे, नवी तारीख यथावकाश कळवू', एवढाच त्याचा मथितार्थ. ऑफर रद्द झाली असं त्यात कुठे म्हटलेलं नाही, आणि ती कायम आहे असंही म्हटलेलं नाही. खाली कुणा माणसाचं नाव नाही. ज्या पत्त्यावरून तो आला, तिथे उत्तर पोचत नाही. असा मजकूर लीगलवाले तपासून देतात आणि आमच्यासारखे लोक तो एकाच वेळी शेकडो पोरांना पाठवतात. तू त्यातल्या 'यथावकाश'वर रात्रभर विचार केलास म्हणे. ज्याने तो लिहिला त्याने एवढा विचार केलेला नसतो.

'माझ्यातच काही कमी होतं का' हा तुझा प्रश्न मात्र मला लागला. बाबा रे, तुझं नाव पाहून कुणी तुला थांबवलेलं नाही. आयटी सर्व्हिस कंपन्या कॅम्पसला येतात तेव्हा पुढच्या वर्षी किती कामं मिळतील याचा अंदाज बांधून माणसं निवडतात. तो अंदाज चुकला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अजून आत न आलेल्यांना दारातच थांबवणं. त्यांना पगार द्यावा लागत नाही, नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, बातमीही फारशी होत नाही. २०२१-२२ मध्ये कोविडनंतरची कामं धो धो आली, तेव्हा एकट्या टीसीएसने वर्षात लाखभर फ्रेशर्स घेतले आणि इन्फोसिसने ८५ हजार. मग मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर चढवायला घेतले आणि जुलै २०२३ पर्यंत ते शून्याच्या आसपासवरून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेऊन ठेवले. तिकडच्या बँकांनी, दुकानसाखळ्यांनी खर्चाला कात्री लावली. इकडे २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो मिळून ६० हजारांहून अधिक माणसं कमी झाली. आधी घेतलेलीच पोरं बेंचवर बसलेली असताना नवी कुठे बसवणार? फ्रीझ म्हणतात तो हाच. आणि फ्रीझ आला की पहिली गदा बहुतेक वेळा भरती करणाऱ्यांवरच येते. ज्या मुलीने तुझा इंटरव्ह्यू ठरवला आणि जी आता फोन उचलत नाही, तिला शिव्या देऊ नकोस. ती कदाचित कंत्राटावर होती आणि आता त्या कंपनीत नसेलही.

मी या धंद्यात नवीन होते तेव्हा लेहमन ब्रदर्स बुडाली, सप्टेंबर २००८. त्यानंतरचे कितीतरी महिने पोरांना फोन करून 'अजून थोडं थांबा' सांगायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा एक गोष्ट दिसली ती सांगते. जी मुलं दुसरीकडे कुठे ना कुठे लागली, ती पुढे आमच्याकडे आली काय किंवा नाही आली काय, त्यांचं बरं चाललं. जी 'आपली ऑफर आहे' म्हणून घरी बसून राहिली, त्यांच्यापैकी काहींना तारीख मिळाली तेव्हा त्यांना साधा लूप लिहिता येईना.

हे आजही तितकंच खरं आहे. २०२२ च्या बॅचला इन्फोसिसने दिलेल्या ऑफर आठव. सुमारे दोन हजार मुलं दोनेक वर्षं ताटकळली. 'नाइट्स' या पुण्याच्या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. दिलेली प्रत्येक ऑफर आम्ही पाळू, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे म्हैसूरला प्रशिक्षणासाठी बोलावलंही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षा तीन प्रयत्नांत पार न केल्यामुळे घरी पाठवलं. परीक्षा न्याय्य होती की नव्हती यावर बराच वाद झाला, त्यात मी पडत नाही. तारीख मिळाली म्हणजे सुटलो असं होत नाही, एवढंच तुला दाखवायचं आहे. विप्रोचं तर आणखी वेगळं. साडेसहा लाखांच्या ऑफरवर वाट पाहणाऱ्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये विचारलं, साडेतीन लाखांवर येता का? तेव्हा तुझ्याकडे आहे तो कागद जपून ठेव, पण त्याच्या भरवशावर पुढचं वर्ष रिकामं ठेवू नकोस.

म्हणून कोल्हापूरच्या त्या छोट्या कंपनीबद्दल माझं मत सरळ आहे. घे ती नोकरी. अठरा हजार कमी वाटतात, मान्य. पण तिथे बारा-पंधरा माणसांत तुला क्लायंटचा फोनही घ्यावा लागेल, डेटाबेसही सांभाळावा लागेल आणि रविवारी सर्व्हर बंद पडला तर धावावंही लागेल. मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सहा महिन्यांत हे दिसत नाही.

तुला वाटतं तशी ही त्या मोठ्या कंपनीशी गद्दारी नव्हे. तुमच्या वर्गातली हुशार मुलं या बाबतीत इतकी भोळी का असतात, मला कळत नाही. कंपनीने तुला तारीख दिलेली नाही, पगार दिलेला नाही, थांबण्याचा मोबदला दिलेला नाही. तिचं तू एक सभ्य मेल देणं लागतोस. कायदाही दोन्ही बाजूंना सारखाच आहे. नोकरीचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, असं १९६३ चा विशिष्ट अनुतोष कायदा सांगतो. कोर्ट कंपनीला 'याला कामावर घ्याच' म्हणणार नाही, फार तर नुकसानभरपाई, आणि ती मिळवायला तुलाच तुझं नुकसान सिद्ध करावं लागेल. त्याच न्यायाने तुलाही 'इथेच ये' असं कुणी म्हणू शकत नाही. एकट्याने वकिलाची नोटीस पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. संघटना तक्रारी गोळा करत असेल तर त्यात खुशाल नाव दे, त्यात भिण्यासारखं काही नाही. लिंक्डइनवर रात्री एक वाजता संतापाने लिहायचं मात्र नाही.

कोल्हापूरवाले बाँड आणि मूळ मार्कशीट मागतात म्हणालास, तिथे जरा थांब. मूळ मार्कशीट आणि डिग्री कुणाच्याही कपाटात ठेवायची नाही. मूळ कागद समोर बसून दाखवायचे, झेरॉक्सवर स्वतः सही करून द्यायची, मूळ परत घेऊन यायचे. त्यावर अडून बसले तर नोकरी सोडून दे, त्या ठिकाणी पुढेही त्रासच होईल. बाँडबद्दल मित्र सांगतील की तो नुसता कागद असतो. तसं समजू नकोस. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात, मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यावर लावलेली दोन लाखांची अट वैध ठरवली. तिथे प्रश्न सरकारी बँकेच्या भरतीखर्चाचा होता, सगळ्याच कंपन्यांना तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण सही करण्याआधी रक्कम किती, मुदत किती आणि ट्रेनिंग नक्की काय देणार, हे लिहून घे. दोन वर्षांचं एक वर्ष करा म्हण. छोट्या मालकांशी बोललं की ते ऐकतात.

आणि तिथे लागलास की लपवू नकोस. पीएफ कापला गेला की तुझा यूएएन तयार होतो आणि तू कुठे कधी लागलास, कधी सोडलंस, सगळं त्याच एका नंबरखाली नोंदलं जातं. पुढे मोठ्या कंपनीने व्हेरिफिकेशन केलं की ते दिसतंच. दिसलं म्हणून काही बिघडत नाही, लपवलेलं दिसलं की बिघडतं. म्हणून सोडताना रिलीव्हिंग लेटर घ्यायचं आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत.

मोठ्या कंपनीला लिहायचा मेल चार ओळींचा असू दे. तुझा कँडिडेट नंबर आणि ऑफरची तारीख वर लिही. मला अजूनही यायचं आहे, हे सांग. ऑफर आजच्या घडीला वैध आहे का आणि अंदाजे कोणत्या तिमाहीत बोलावणं येईल, हे विचार. आणि दरम्यान मी दुसरं काम घेत आहे, तारीख आली की नोटिशीचे दिवस देऊन येईन, हे कळव. घरची परिस्थिती, दाजींची तब्येत, कर्ज, यातलं काही लिहू नकोस. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्याच्या हातात काही नसतं. कॉलेजच्या प्लेसमेंट सरांना त्याची प्रत जाऊ दे. कंपनीला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कॉलेजात यायचं असतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला तुझ्या शब्दापेक्षा वजन असतं. एकदा पाठवलंस की महिनाभर मेल उघडून बघायचं वेड सोड. आणि त्या ग्रुपवर कुणी 'पंधरा हजार भरा, जॉइनिंग लवकर लावून देतो' म्हणालं तर तो भामटा आहे. खरी कंपनी नोकरीसाठी एक रुपया मागत नाही.

कर्जाचं दाजींशी बोललास का? शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज तोवरही चढत असतं. शाखेत जाऊन तुमच्या पत्रावर नेमकी कोणती तारीख आहे ती बघून ये. अठरा हजारांतून महिन्याचं व्याज जरी भरत गेलास तरी पुढचा हप्ता हलका होईल. हप्ता चुकला तर सिबिलवर तुझ्याबरोबर सहकर्जदार म्हणून दाजींचंही नाव खराब होतं, म्हणून तारीख उलटण्याआधीच बँकेशी बोललेलं बरं.

राहिलं घरचं. ऑफर आली तेव्हा ताईने आख्ख्या गल्लीत कंदी पेढे वाटले, आणि आता दूध आणायला गेलास तरी कुणीतरी विचारतं, 'काय ओंकार, कधी निघणार पुण्याला?' तू मागच्या दाराने जायला लागलास असं ताई म्हणाली. असं करू नकोस. 'कंपनीने भरती थांबवलीय, तोवर कोल्हापूरला लागलोय,' एवढं एक वाक्य पाठ कर आणि प्रत्येकाला तेच सांग. दोन आठवड्यांत विचारणं बंद होतं, लोकांना दुसरा विषय मिळतो. तुझे काका 'त्यापेक्षा सरकारी बघ' म्हणतील. त्यांना आठवण कर की ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागानेच नव्या भरतीवर बंदी घातली होती, आणि २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेत निवड झालेल्या ४१३ जणांना निकाल लागूनही नेमणुकीसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर ती मनापासून दे, जॉइनिंग रखडली म्हणून नको.

दाजी काही बोलत नाहीत म्हणून ते रागावलेत असं तू धरून चाललायस. मी त्यांच्याशी बोलले. त्यांना मेलचा अर्थच नीट कळलेला नाही, तुझी नोकरी गेली असं वाटून ते गप्प आहेत. आज जेवताना तो मेल त्यांना मराठीत समजावून सांग.

कोल्हापूरला मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे ना? उद्या संध्याकाळी बाँडचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव, सगळी पानं, मागची बारीक अक्षरांतलीसुद्धा. मी वाचून रात्री फोन करते.

तुझी,
मावशी

ता. क. – कंपनीच्या पोर्टलवर तुझा कॉलेजचा मेलआयडी दिलेला आहे का, ते आजच बघ. पास झाल्यावर अनेक कॉलेजं ते आयडी बंद करतात, आणि तारखेचा मेल तिथे गेला आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर ऑफर संपू शकते. तिथे तुझा स्वतःचा आयडी आणि चालू फोन नंबर टाक.