कच्चे बेलफळ आणि जुलाबाचे जंतू

जुलाबावर कच्च्या बेलफळाचा काढा देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पिकलेल्या फळाचे सरबत होते; औषधासाठी मात्र कच्च्या फळाचा वाळवलेला गर घेतात. पुणे जिल्ह्यातल्या परिंचे खोऱ्यात लोक जुलाबावर कोणत्या वनस्पती वापरतात, याची पाहणी मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने केली. बेलाच्या काढ्यावरचे तिचे प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली मावशी आणि औषधनिर्माणशास्त्र शिकणारा तिचा भाचा यांचा हा संवाद त्या प्रयोगांविषयी आहे.

भाचा : काढ्यानं जंतू मेले का, मावशी?

मावशी : सगळे आधी हेच विचारतात. सहा वाणांचे जिवाणू तपासले, त्यांतला एकही मेला नाही.

भाचा : मग काढा निकामीच ठरला की.

मावशी : घाई करू नकोस. जिवाणू आतड्यात नुसता असला म्हणून जुलाब होत नाहीत. ई. कोलाय या जिवाणूचे काही वाण आधी आतड्याच्या अस्तराला चिकटतात. शिगेला नावाचा जिवाणू पेशीच्या आत शिरतो. पटकीचा जंतू पेशीत शिरत नाही, तो बाहेरून विष सोडतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर बेलाचा काढा घातला, तेव्हा चिकटणं आणि शिरणं दोन्ही लक्षणीय कमी झालं. पटकीच्या विषाची निर्मितीही बदलली, आणि जे विष तयार झालं त्याला पेशीला धरता येईना.

पटकीचे विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ नावाच्या स्निग्ध रेणूला जाऊन धरते. मग त्याचा एक भाग पेशीत शिरतो आणि तिथली नियंत्रणाची कळ उघडी ठेवतो. पेशी क्षार आणि त्यामागून पाणी आतड्यात ओतत राहते. काही ई. कोलाय उष्णतेने निकामी होणारे असेच एक विष बनवतात आणि तेही जीएम-१ लाच धरते. बेलाच्या काढ्याने ही दोन्ही विषे अडली. ई. कोलायचे दुसरे, उष्णता सोसणारे विष मात्र वेगळ्या वाटेने काम करते. त्याच्यावर काढ्याचा परिणाम झाला नाही.

मावशी : आणि पटकीचा जंतू विष सोडतो हे दाखवलं कुणी? कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ साली, सशाच्या आतड्यावर प्रयोग करून. त्यांचं नाव तुझ्या पाठ्यपुस्तकात आहे का? नसेलच. १९७८ साली पटकीवरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावलं. आपल्याकडे त्यांना हयातीत मानसन्मान मिळाला नाही. मुलांना परदेशी नावं पाठ असतात आणि डे कोण ते ठाऊक नसतं, याचा मला राग येतो.

भाचा : पण मावशी, मला वेगळीच काळजी आहे. पोटात चांगले जिवाणूही असतात. वनस्पतींमधली ही द्रव्यं त्यांना सोडतील का?

मावशी : कोणतं द्रव्य, ते आधी सांग. ‘वनस्पती’ म्हणून सगळं एका पोत्यात भरू नकोस. ओव्यातलं थायमॉल जिवाणूचं पटल फाडतं. पटल चांगल्याचं की वाइटाचं, हे ते पाहत नाही.

भाचा : म्हणजे ओवा घातकच?

मावशी : जेवणातल्या चिमूटभर ओव्यानं कुणाचं वाइट होत नाही. डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगांत थायमॉल जठरात आणि लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं गेलं. जिवाणूंची खरी दाट वस्ती मोठ्या आतड्यात असते. तिथपर्यंत फारसं काही पोचतच नाही. लसणातलं ॲलिसिन तर सबंध पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की एका विकरामुळे ते तयार होतं आणि शिजवलं की विकरच मरतं. तरी प्रबंधांमागून प्रबंध येतात : आगरच्या थाळीत अर्काचा थेंब टाकला, भोवती जंतू उगवले नाहीत, वर्तुळ मोजलं, झाला शोध. असे प्रबंध मी उभा जन्म तपासले. त्या थाळीत जठराचं आम्ल नसतं, आतडं नसतं आणि तू म्हणतोस ते चांगले जिवाणूही नसतात.

भाचा : दारुहळदीचं काय? तिच्यातलं बर्बेरीन तर जंतू मारतं.

मावशी : मारतं, आणि त्याची परीक्षा माणसांवर झाली आहे. १९८७ साली ढाक्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. विष सोडणाऱ्या ई. कोलायचे जुलाब झालेल्या रुग्णांना बर्बेरीन सल्फेटची ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. २४ तासांत ४२ टक्के रुग्णांचे जुलाब थांबले. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण २० टक्के होतं. पटकीच्या रुग्णांना टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरीन दिलं, तेव्हा खास लाभ दिसला नाही. नवजात बाळाला मात्र ते देऊ नये, कावीळ वाढते.

भाचा : ते कळलं. पण चांगल्या जिवाणूंचं...

मावशी : तू तिथंच अडकला आहेस, आणि अडकायला जागा बरोबर आहे. बेलाकडे पुन्हा बघ. ज्या जिवाणूकडे विष नाही, त्याचं विष अडवण्याचा प्रश्नच नाही. मारण्याऐवजी हत्यार काढून घेणारं द्रव्य म्हणूनच मला मोलाचं वाटतं. शिवाय जंतू जगतो, वाढतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती कमावलेले वाणच तेवढे मागे उरण्याची शक्यता कमी होते. आणि मारणं नेहमी हिताचं असतं असंही नाही. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायला काही प्रतिजैविकं दिली तर तो मरताना जास्तच विष सोडतो.

भाचा : मग बेलातला नेमका रेणू शोधून त्याची गोळी का करत नाहीत?

मावशी : त्याच संस्थेनं २०१० साली पेरूच्या पानांवर हे करून पाहिलं. अख्ख्या काढ्यानं शिगेला आणि पटकीच्या जंतूंना रोखलं, विषं अडवली, चिकटणं आणि शिरणंही कमी केलं. पानांतलं नावाजलेलं क्वेर्सेटिन सुटं वापरलं, तर जंतूंचं शिरणं तेवढं कमी झालं; बाकी काही साधलं नाही. काढ्यात अनेक द्रव्यं मिळून काम करतात. गोळीवाल्यांना हेच अडचणीचं होतं, कारण झाड, ऋतू आणि माती बदलली की काढा बदलतो. त्याचं प्रमाणीकरण करणं हेच तुझ्या पिढीच्या औषधनिर्मात्यांचं काम आहे.

काढा कोणताही असला तरी जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार कमी झाल्याने. पटकीच्या विषाने पेशीतून पाणी वाहत असतानाही साखरेबरोबर सोडियम आत घेणारी वाट शाबूत राहते, म्हणून जलसंजीवनी काम करते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरून जीव वाचवले. म्हणून मुलाला जुलाब लागले की पहिल्या तासापासून जलसंजीवनी द्यावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंक द्यावे. आणि शौचातून रक्त पडले, मूल मलूल झाले किंवा लघवी थांबली, तर काढा उकळत न बसता थेट दवाखाना गाठावा.