दोन स्वार व एक मुगूट
(वाचावयाचे वचन : २ तीमथ्य २:५)

या वचनात पौलाने मल्लाचे उदाहरण देऊन नियम व मुगूट यांची सांगड घातली आहे. आम्ही घोड्यांच्या शर्यतीचे घेतो. तीवर लागणाऱ्या पैजा आम्हांस त्याज्य वाटतात, हे आरंभीच सांगून ठेवितो.

सन १९३३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील लुइव्हिल शहरी केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत झाली. अखेरीस ब्रोकर्स टिप व हेड प्ले हे घोडे बरोबरीने धावत होते. ब्रोकर्स टिप आतल्या कठड्याकडे होता; हेड प्ले त्याच्या अंगावर सरकत आला. तेव्हा मीड व फिशर हे स्वार एकमेकांस धरून ओढू लागले, व फिशरने चाबूकही मारिला. एका छायाचित्रकाराने जमिनीवर पडून ती झोंबी टिपिली. शेवट टिपणारा कॅमेरा तेथे तेव्हा नव्हता. पंचांनी डोळ्यांनी पाहून ब्रोकर्स टिप नाकभर पुढे ठरविला. फिशरची तक्रार फेटाळिली गेली.

तथापि पुढे दोघांसही ३० दिवसांची बंदी झाली. प्रत्येकाचे म्हणणे हेच की, आरंभ दुसऱ्याने केला. तंटे मिटविणाऱ्या प्रचारक बंधूंनो, हे उत्तर तुम्ही किती वेळा ऐकिले असेल! पहिला हात कोणाचा, एवढेच विचारीत बसल्यास दुसऱ्याचा चाबूक झाकला जातो. शर्यतीनंतर स्वारांच्या खोलीत मीडच्या अंगावर गेल्याबद्दल फिशरला आणखी ५ दिवस मिळाले.

ब्रोकर्स टिपने त्यापूर्वी वा त्यानंतर दुसरी एकही शर्यत जिंकिली नाही.