सातबारावरील नाव आणि किसान सन्मान निधी

लालबाग-परळच्या चाळींतून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या जिल्ह्यांतील गावांची ग्रामस्थ मंडळे आजही आढळतात. गिरणगाव उभे राहिले ते याच गावांतून आलेल्या माणसांच्या बळावर. गिरणीत पाळी करणारा कामगार गावी जमिनीचा वाटेकरी असे. पगार झाला की मनीऑर्डर गावी जाई आणि शेती मागे राहिलेला भाऊ पाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कित्येकजण गावी परतले, कित्येक मुंबईतच राहिले. त्यांच्या जमिनीचा सातबारा मात्र पुष्कळदा वडिलांच्या, क्वचित आजोबांच्याच नावे राहून गेला आहे.

शेतकऱ्यांना मिळणारे थेट अर्थसाहाय्य या उताऱ्याशी निगडित आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा शुभारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. तीनुसार पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत बँक खात्यात मिळतात. राज्य शासनाने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेद्वारे तेवढ्याच रकमेची भर घातली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मुंबईकर भावाचे नाव लागल्यास आपल्या रकमेत वाटणी होईल, अशी धास्ती गावच्या भावाला वाटते आणि वारसनोंद वर्षानुवर्षे रखडते. वस्तुतः हे साहाय्य क्षेत्राच्या प्रमाणात दिले जात नाही. जमीन वीस गुंठे असो वा वीस एकर, रक्कम तीच. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. सामायिक खात्यातील प्रत्येक पात्र कुटुंब स्वतंत्रपणे लाभास पात्र ठरते. उलट, नाव मयत वडिलांचेच राहिले तर प्रत्यक्ष नांगर धरणारा भाऊही वंचित राहतो. कारण योजना पाहते ती नोंद, कसणारा हात नव्हे. ही तिची मर्यादाच म्हणावी लागेल.

जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरविलेली असली, तरी खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने झालेल्या हस्तांतरणास ती आड येत नाही. मात्र आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता अन्य शासकीय कर्मचारी, तसेच दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे यांना लाभ नाही. निवृत्तिवेतनाच्या अटीतूनही चतुर्थ श्रेणीस सूट आहे. तेव्हा मुंबईतील प्रत्येक वारसाने निधीची आशा धरू नये. नोंद मात्र अवश्य करावी.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये वारसाहक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावयाचे असते. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे द्यावीत. सर्व म्हणजे विधवा आणि विवाहित मुलीही. त्यांना परस्पर वगळण्याची प्रथा कायद्यास धरून नाही. हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली जाते व त्यानंतर फेरफार प्रमाणित होतो. परळ आगारातून एस.टी. धरून गावी जाणे शक्य नसल्यास 'ई-हक्क' या संगणकीय प्रणालीवरही अर्ज करता येतो.

नोंद झाल्यावर निधीसाठी नव्याने नाव नोंदवावे लागते. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक, आधारशी जोडलेले बँक खाते आणि ई-केवायसी आवश्यक आहे.