हापसा : एक अभ्यास

तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाने, धरणे व संगणक उभे राहतात. परंतु खेड्यातील गोरगरिबांच्या जीवनात ज्या साध्या यंत्राने मोठा पालट घडविला, ते म्हणजे हापसा होय. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

पूर्वीचे हातपंप बिडाचे असत. मुळात ते युरोप-अमेरिकेतील एकेका शेतकरी कुटुंबासाठी बनविलेल्या पंपांच्या नमुन्यावरचे. आपल्याकडे त्यांवर सारे गाव पाणी भरणार! साहजिकच सांधे झिजत, दांडे मोडत आणि पाणी असूनही विंधन विहीर निरुपयोगी होई. यावर तोडगा शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जालना व सोलापूर येथे मजबूत पोलादी पंप तयार झाले. सोलापूर पंपात दांडा एकाच कण्यावर फिरतो व कमानीवरील साखळीमुळे आतील सळई सरळ वरखाली होते. म्हणून झीज कमी. याच आधारावर १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला.

तथापि त्यातही एक उणीव राहिली. दट्ट्याचे वायसर खोल जमिनीत असते व ते बदलण्यासाठी सर्व पाइप वर काढावे लागतात. आमच्या वस्तीवरील हापसा एका उन्हाळ्यात अशाच वायसरपायी बंद पडला. वस्तू क्षुल्लक किमतीची. पण दुरुस्तीची गाडी येईपर्यंत दोन महिने आई व धाकटी बहीण दूरच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. बहिणीची शाळा त्यात बुडाली ती बुडालीच.

‘मार्क ३’ मध्ये हा दोष दूर केला आहे. त्याचा पाइप रुंद असल्याने पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात तर १९९० नंतरच्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून खेड्यातील स्त्रिया हातपंपाची दुरुस्ती शिकल्या. त्यांत निरक्षर स्त्रियाही होत्या.

सारांश, यंत्र बसविले म्हणजे काम संपले असे नाही. आज अनेक गावांत नळयोजना आल्या आहेत, पण मोटार जळाली की प्रश्न तोच. जी स्त्री पाणी भरते, तिच्या हाती पानाही द्यावयास हवा, असे मला वाटते.